हनुक्का: दिवा दारात, खिडकीत आणि टेबलावर

ज्यू पंचांगातील किस्लेव महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी हनुक्का सुरू होतो आणि आठ दिवस चालतो. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होत असल्यामुळे पहिला दिवा आदल्या संध्याकाळी लागतो. इंग्रजी दिनदर्शिकेत या सणाची तारीख दर वर्षी बदलते: २०१३ साली पहिला दिवा २७ नोव्हेंबरच्या संध्याकाळी लागला होता, २०२४ साली २५ डिसेंबरच्या, तर २०२५ साली १४ डिसेंबरच्या. यामागचे कारण मराठी वाचकाला नवे वाटणार नाही. ज्यू पंचांगही चांद्रमासांवर चालते आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून त्यात एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना धरला जातो. महिना अमावास्येनंतर सुरू होत असल्याने पंचविसावा दिवस कृष्ण पक्षाच्या अखेरीस येतो आणि हनुक्काच्या आठ रात्रींतच अमावास्या सरून तेवेत हा पुढचा महिना लागतो. म्हणजे उत्तर गोलार्धातील लांब रात्रींचे दिवस आणि त्यातही चंद्र जवळजवळ नसलेल्या रात्री, असा हा काळ असतो.

धर्मशास्त्राच्या दृष्टीने हा सण मोठा नाही. तोरा या मूळ धर्मग्रंथात त्याचा उल्लेख नाही, कारण तो ज्या घटनेतून निघाला ती घटनाच फार नंतरची आहे. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, किंवा योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी जसे सर्व काम बंद ठेवावे लागते, तसे या आठ दिवसांत ठेवावे लागत नाही. लोक कामावर जातात आणि संध्याकाळी घरी येऊन दिवे लावतात. तरीही जगभरच्या ज्यू घरांत, धर्माचरण फारसे न पाळणाऱ्या घरांतसुद्धा, हा सण आवर्जून साजरा होतो. तो समजून घ्यायचा तर खाद्यपदार्थांच्या किंवा खेळांच्या यादीपेक्षा एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करणे मला अधिक उपयोगाचे वाटते. तो प्रश्न म्हणजे, दिवा ठेवायचा कुठे? या प्रश्नाच्या उत्तरात सणाचा अर्थही आहे आणि ज्या गावात तो साजरा होतो त्या गावातील ज्यूंची परिस्थितीही आहे.

आधी इतिहास थोडक्यात पाहू. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याच्या सेनापतींनी साम्राज्य वाटून घेतले. त्यात यहूदियाचा, म्हणजे जेरुसलेमभोवतालचा, प्रदेश प्रथम इजिप्तच्या टॉलेमी राजांकडे आणि इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास सीरियाच्या सेल्युकिद राजांकडे गेला. इ. स. पू. १७५ मध्ये अँटिओकस चौथा गादीवर आला. त्याच सुमारास जेरुसलेममधील काही वरिष्ठ ज्यू पुरोहितांना ग्रीक जीवनपद्धतीचे आकर्षण वाटू लागले होते. यासोन नावाच्या प्रमुख पुरोहिताने शहरात ग्रीक पद्धतीची व्यायामशाळा उभारली. म्हणजे पुढचा संघर्ष केवळ परका राजा आणि ज्यू प्रजा यांच्यातला नव्हता, तर किती बदलायचे आणि कुठे थांबायचे यावरून ज्यू समाजातही उभी फूट पडली होती. इ. स. पू. १६७ मध्ये अँटिओकसने सुंता, शब्बाथ आणि तोराचे पालन यांवर बंदी घातली आणि जेरुसलेमच्या मंदिरात ग्रीक देवाची पूजा सुरू केली. तेव्हा मोदीन गावच्या मत्तथ्या नावाच्या पुरोहिताने आपल्या पाच मुलांसह बंड पुकारले. त्याच्यामागे त्याचा मुलगा यहूदा मक्काबी याने डोंगराळ भागात गनिमी काव्याने लढा चालवला, इ. स. पू. १६४ मध्ये मंदिर परत मिळवले, ते शुद्ध केले, नवी वेदी बांधली आणि किस्लेवच्या पंचविसाव्या दिवशी तिचे समर्पण केले. ‘हनुक्का’ हे नाव त्या समर्पणावरून आले आहे.

तेलाची गोष्ट मात्र या घटनेच्या सर्वांत जुन्या वृत्तान्तांत नाही. मक्काबींचा पहिला आणि दुसरा ग्रंथ असे दोन ग्रंथ त्या काळाची हकिकत सांगतात. ते ज्यू बायबलमध्ये घेतले गेले नाहीत. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बायबलमुळे ग्रीक भाषेत टिकून राहिले. त्यांतील दुसऱ्या ग्रंथात आठ दिवसांचे कारण वेगळे दिले आहे: लढाईच्या धामधुमीत आठ दिवसांचा मंडपांचा सण, म्हणजे सुक्कोत, नीट साजरा करता आला नव्हता, म्हणून त्याच धर्तीवर हा उत्सव केला गेला. पहिल्या शतकातील इतिहासकार योसेफस या सणाला दिव्यांचा सण म्हणतो, पण तेलाच्या चमत्काराचा उल्लेख करीत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू हिवाळ्यात समर्पणाच्या सणाच्या वेळी मंदिरातील शलमोनाच्या देवडीत फिरत होता असा उल्लेख येतो, तो हाच सण.

चमत्काराची कथा पूर्ण स्वरूपात आढळते ती काही शतकांनंतर, बॅबिलोनियात सिद्ध झालेल्या ताल्मुद या धर्मचर्चेच्या ग्रंथात. शत्रूने मंदिरातील सारे तेल अपवित्र केले होते; शोधाशोध केल्यावर प्रमुख पुरोहिताची मोहोर शाबूत असलेली एकच कुपी सापडली. तिच्यात एका दिवसापुरते तेल होते, पण त्यावर दीपवृक्ष आठ दिवस तेवत राहिला, असे ताल्मुद सांगतो आणि लढाईला जेमतेम एक वाक्य देतो. हा झुकाव अपघाताने आलेला नसावा, असे मला वाटते. मक्काबींच्या हास्मोनी घराण्याने पुढे राजसत्ता आणि प्रमुख पुरोहितपद दोन्ही आपल्याकडे घेतली, त्यांच्यात भाऊबंदकी माजली आणि इ. स. पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपी जेरुसलेममध्ये शिरला. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळले आणि नंतरची बंडेही रक्तात बुडाली. ज्या धर्मपंडितांनी हे सर्व पाहिले किंवा ऐकले, त्यांनी तलवारीपेक्षा दिव्याची आठवण पुढे न्यावी हे समजण्यासारखे आहे. हनुक्कातील शब्बाथला जखऱ्या संदेष्ट्याचा जो उतारा वाचतात, त्यातही बळाने नव्हे आणि पराक्रमाने नव्हे तर देवाच्या आत्म्याने कार्य होते असेच सांगितले आहे. विसाव्या शतकात ज्यूंचे स्वतंत्र राष्ट्र मागणाऱ्या झायोनिस्ट चळवळीने पुन्हा मक्काबी योद्ध्यांना पुढे आणले. १९३२ साली तेल अवीवमध्ये सुरू झालेल्या ज्यू क्रीडास्पर्धांना मक्कबिया हे नाव मिळाले ते त्यातूनच.

तेलाच्या कथेने पंडितांना एक सुंदर कोडेही दिले. कुपीत एका दिवसाचे तेल होतेच, मग पहिल्या दिवशी चमत्कार कसला? खरे तर सण सात दिवसांचा हवा. सोळाव्या शतकात धर्मपंडित योसेफ कारो यांनी हा प्रश्न मांडला आणि स्वतःच उत्तरेही सुचवली. त्यांतले एक असे की, पुरोहितांनी तेलाचे आठ भाग केले आणि पहिल्याच रात्री आठव्या हिश्शावर दिवा पहाटेपर्यंत टिकला. तेव्हापासून आजवर या प्रश्नाला नवनवी उत्तरे देण्याचा छंद ज्यू विद्यार्थ्यांमध्ये चालू आहे.

आता प्रत्यक्ष दिवे लावण्याकडे येऊ. मंदिरातील दीपवृक्षाला, म्हणजे मेनोराला, सात शाखा होत्या. हनुक्कासाठी आठ दिव्यांची वेगळी समई असते, तिला हनुक्किया म्हणतात. आठही दिवे एका पातळीत असतात आणि नववा, शमाश म्हणजे सेवक दिवा, थोडा उंच किंवा बाजूला असतो. पहिल्या संध्याकाळी एक, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असे करत आठव्या संध्याकाळी आठही दिवे लागतात. शमाश धरून एका हनुक्कियाला आठ रात्रींत चव्वेचाळीस मेणबत्त्या लागतात, आणि म्हणून बाजारात त्यांचा खोका चव्वेचाळिसाचाच मिळतो. मेणबत्त्या उजवीकडून डावीकडे रचतात, पण लावताना त्या दिवशीची नवी मेणबत्ती आधी, म्हणजे डावीकडून उजवीकडे लावतात. एक एक दिवा वाढवायचा हे सुद्धा वादातून ठरले. शम्माय आणि हिल्लेल या दोन प्राचीन पंडितांचे दोन संप्रदाय होते. शम्मायच्या संप्रदायाचे म्हणणे होते की पहिल्या दिवशी आठ लावावेत आणि रोज एक कमी करावा. हिल्लेलच्या संप्रदायाने सांगितले की पावित्र्याच्या बाबतीत चढत जावे, उतरू नये. सर्वत्र हिल्लेलचे मत मान्य झाले.

शमाश हातात घेऊन दिवे लावण्यापूर्वी आशीर्वचने म्हणतात. पहिल्यात हनुक्काचा दिवा लावण्याची आज्ञा देणाऱ्या देवाची स्तुती असते. ताल्मुद येथे प्रामाणिकपणे थबकतो आणि विचारतो, की तोरात तर ही आज्ञा नाही, मग देवाने आज्ञा दिली असे कसे म्हणायचे? त्यावर दिलेले एक उत्तर असे की, पंडितांच्या निर्णयापासून ढळू नका हे तोरातच सांगितले आहे, म्हणून त्यांनी ठरवलेला विधीही त्या आज्ञेत येतो. दुसऱ्या आशीर्वचनात पूर्वजांसाठी त्या काळी याच ऋतूत केलेल्या चमत्कारांची आठवण असते. पहिल्या रात्री तिसरे एक आशीर्वचन जोडतात, त्यात हा दिवस पाहण्यासाठी आपल्याला जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानलेले असतात. त्यानंतर दिवे लागतात आणि ‘हानेरोत हाल्लालू’ हा छोटा पाठ म्हणतात. त्यात स्पष्ट सांगितले आहे की हे दिवे पवित्र आहेत, त्यांचा वापर करण्याची आम्हाला मुभा नाही, त्यांच्याकडे फक्त पाहायचे आहे. म्हणून त्यांच्या उजेडात वाचायचे नाही, शिवायचे नाही, पैसे मोजायचे नाहीत. शमाश तेवढ्यासाठीच असतो. चुकून उजेडाचा उपयोग झालाच तर तो शमाशच्या उजेडाचा धरला जातो. दिवाळीची पणती अंगण उजळते आणि त्या उजेडात आपण रांगोळी काढतो, फराळ मांडतो. हनुक्काला ‘ज्यूंची दिवाळी’ म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा, कारण सणाचा गाभा येथेच आहे.

वापरायचा नाही तर दिवा लावायचा कशासाठी? चमत्काराची जाहीर खूण म्हणून, दुसऱ्यांनी पाहावा म्हणून. ताल्मुदचा नियम असा आहे की दिवा घराच्या दाराबाहेर ठेवावा. माडीवर राहणाऱ्याने तो रस्त्याकडच्या खिडकीत ठेवावा. बाजारातील वर्दळ संपेपर्यंत तो तेवला पाहिजे; ही वर्दळ कधी संपते याची खूणही दिली आहे, ती म्हणजे सरपण विकणारे तार्मोदचे लोक घरी परतण्याची वेळ. दिवा वीस हातांहून उंच असेल तर चालत नाही, कारण इतक्या उंचावर वाटसरूची नजर जात नाही. त्याहून जुन्या मिश्ना या धर्मकायद्याच्या संहितेत नुकसानभरपाईच्या कायद्यात एक प्रकरण येते: जवसाच्या वाखाने लादलेला उंट रस्त्याने जात असताना दुकानदाराने बाहेर ठेवलेल्या दिव्याने वाख पेटला, तर भरपाई दुकानदाराने द्यायची, पण रब्बी (धर्मगुरू) यहूदा म्हणतात, तो हनुक्काचा दिवा असेल तर दुकानदार सुटला. या एका तपशिलात त्या काळचा अरुंद बाजार, दारातले दिवे आणि ते तेथे असणे किती स्वाभाविक होते, हे सारे दिसते.

त्याच नियमाचे शेवटचे वाक्य मात्र वेगळे आहे: धोक्याच्या काळात दिवा आपल्या टेबलावर ठेवावा, तेवढे पुरे. मध्ययुगीन भाष्यकार राशी यांच्या मते हा धोका पर्शियन राज्यातला होता, जेथे त्यांच्या एका सणाच्या दिवशी अग्निमंदिर सोडून इतरत्र दिवा लावण्याला मनाई होती. पुढे युरोपात धोक्याची रूपे बदलत गेली, पण वाक्य लागू पडतच राहिले. कित्येक पिढ्यांनी दिवा दारातून खिडकीत आणि खिडकीतून घराच्या आत नेला, आणि काही समाजांत घरात लावण्याचीच रीत पडली. आज जेरुसलेमच्या जुन्या वस्त्यांत दाराबाहेर काचेच्या पेट्यांत तेलाचे दिवे ठेवलेले दिसतात, तेव्हा मूळ नियम परत आला आहे असे म्हणता येते.

डिसेंबर १९३१ मधील एक छायाचित्र या संदर्भात पाहण्यासारखे आहे. जर्मनीतील कील शहरात रब्बी अकिवा पोझनर यांच्या पत्नी राखेल यांनी ते घेतले. खिडकीच्या आतल्या बाजूला हनुक्किया आहे आणि बाहेर रस्त्यापलीकडच्या इमारतीवर स्वस्तिकाचा नाझी झेंडा फडकतो आहे. छायाचित्राच्या मागे राखेल यांनी जर्मन भाषेत काही ओळी लिहिल्या. त्यांचा आशय असा की, ज्यूंचा नाश होवो असे झेंडा म्हणतो, आणि ज्यू सदैव जगतील असे दिवा उत्तर देतो. हे कुटुंब वेळीच जर्मनीतून बाहेर पडले आणि हनुक्कियाही सोबत नेली. ती पुढे जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू संहाराच्या स्मारक-संग्रहालयाकडे आली. हिटलर सत्तेवर येण्यास तेव्हा अवकाश होता; तरीही टेबलावर ठेवण्याची मुभा असताना दिवा खिडकीत ठेवणे हा एक निर्णय होता, आणि तो घेणाऱ्या बाईंना त्याची पूर्ण जाणीव होती.

याच्या दुसऱ्या टोकाला आजचे चौकांतले हनुक्किया आहेत. १९७४ साली हबाद या हसिदी, म्हणजे ज्यूंमधील एका धर्मनिष्ठ पंथाच्या, चळवळीच्या लोकांनी अमेरिकेतील फिलाडेल्फियात लिबर्टी बेल या ऐतिहासिक घंटेजवळ एक साधी लाकडी हनुक्किया लावली. १९७९ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर वॉशिंग्टनमधील अशा समारंभाला स्वतः आले. अमेरिकेतील काही ज्यू संघटनांचा याला विरोध होता, कारण सरकारी जागेवर कोणत्याच धर्माची खूण नको, त्यातच अल्पसंख्याकांचे हित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मला तो विरोध विचार करायला लावणारा वाटतो. पण दिवा दाराबाहेर असावा हा जुना नियम चळवळीच्या बाजूने होता आणि प्रथा पसरत गेली. मुंबईतही गेटवे ऑफ इंडियाजवळ असे दीपप्रज्वलन झाले आहे.

घरातील रीती समाजागणिक बदलतात. पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी घरांत प्रत्येक जण आपापली हनुक्किया लावतो, तर स्पेन व अरब देशांकडून आलेल्या सेफार्दी घरांत सगळ्यांची मिळून एक असते. तेलाच्या आठवणीने सर्वत्र तळलेले खातात: अश्केनाझी घरांत बटाट्याचे लाटके, मोरोक्कोच्या ज्यूंकडे स्फेंज नावाची पिठाची गोल कडी, इस्रायलमध्ये जॅम भरलेले सुफगानियोत. मुले चार बाजूंचा भोवरा फिरवून पैजेचा खेळ खेळतात. भोवऱ्यावरील चार हिब्रू अक्षरे ‘तेथे मोठा चमत्कार घडला’ या वाक्याची आद्याक्षरे असतात, आणि इस्रायलमधील भोवऱ्यावर ‘तेथे’ऐवजी ‘येथे’चे अक्षर येते. ट्युनिशिया आणि लिबियातील ज्यूंची प्रथा मला विशेष वाटते: तेवेत महिना लागतो तो दिवस ते मुलींचा सण म्हणून पाळत आणि शत्रूच्या सेनापतीचा वध करणाऱ्या यहूदीथ या स्त्रीची आठवण काढत. दिवे तेवत असताना स्त्रियांनी हातात काम घेऊ नये, ही रीत तर अनेक समाजांत आजही पाळली जाते.

महाराष्ट्राचा या सणाशी संबंध थोडा अनपेक्षित आहे. कोकणातील बेने इस्रायल या ज्यू समाजाला पूर्वी हनुक्का ठाऊकच नव्हता. या समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांच्या वंशजांनी तेलाच्या घाण्याचा धंदा धरला आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. हिब्रू ग्रंथ हाती नव्हते, तरी शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि काही सण टिकले, तेही मराठी नावांनी: वर्षारंभाचा नव्याचा सण, योम किप्पूरचा दारफळणीचा सण, वालाच्या बिरड्यावरून नाव पडलेला बिरड्याचा सण. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कोचीनचे ज्यू शिक्षक, १७९६ साली मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेले पहिले सिनेगॉग (ज्यू प्रार्थनामंदिर) आणि छापील ग्रंथ यांच्यामुळे जगभरच्या ज्यूंशी संबंध जुळला, तेव्हा हनुक्काही आला.

हनुक्का माहीत नव्हता, म्हणून पूर्वज मक्काबींच्या आधीच, म्हणजे इ. स. पू. १६४ पूर्वी निघाले असावेत, असा तर्क समाजातील अभिमानी इतिहासकारांनी मांडला. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिताना या मुद्द्याला महत्त्व दिले. हा तर्क मोहक आहे, पण मला पुरेसा वाटत नाही. इथिओपियाच्या ज्यूंकडेही हा सण नव्हता, आणि ताल्मुद न मानता केवळ ज्यू बायबल मानणारे कराईट ज्यू तो माहीत असूनही पाळत नाहीत. म्हणजे सण नसण्याला अनेक कारणे असू शकतात. शेकडो वर्षे ग्रंथांविना राहिलेल्या समाजात एक दुय्यम सण विसरला जाणेही सहज शक्य आहे. निर्विवाद आहे ते एवढेच की कोकणात शेजाऱ्यांकडून ज्यूंचा छळ झाला नाही. दिवा टेबलावर लपवावा लागण्याचा प्रसंग या समाजावर आला नाही, आणि सण हाती आल्यावर तो उघड लावता आला.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. मुंबई, ठाणे, पनवेल, अलिबाग येथे राहिलेल्या कुटुंबांकडे हनुक्काच्या संध्याकाळी जाण्याचा योग आला, तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दिवे लागण्याच्या आधी पोहोचावे, कारण आशीर्वचने लावण्यापूर्वीच म्हणतात. शुक्रवार असेल तर आणखी लवकर जावे, कारण शब्बाथ सुरू झाल्यावर ज्योत पेटवता येत नसल्याने त्या दिवशी हनुक्काचे दिवे सूर्यास्तापूर्वी, शब्बाथच्या दिव्यांच्याही आधी लागतात. रात्र पडल्यानंतर निदान अर्धा तास ते तेवले पाहिजेत; मधेच फुंकर घालू नये आणि त्यांवर उदबत्ती किंवा दुसरे काही पेटवून घेऊ नये. भेट न्यायची तर फळे सर्वांत सोयीची, कारण त्यांत खाण्याच्या नियमांची अडचण येत नाही. आणि दिव्यांकडे मोकळेपणाने पाहावे. ते पाहिले जाण्यासाठीच लावलेले असतात, इतके की ज्या ज्यू व्यक्तीला त्या रात्री स्वतः दिवा लावता येत नाही, तिच्यासाठी दुसऱ्याचा दिवा पाहताना म्हणायचे आशीर्वचनही ताल्मुदने सांगून ठेवले आहे.